तवंगतात्या

मिसळ समोर आली की कुणी फरसाण किती घातलंय ते बघतं, कुणी लिंबाची फोड शोधतं. तात्या तर्री बघतात. खायला नव्हे. वाटीवर ओणवून, चष्मा कपाळावर सरकवून, डॉक्टर जीभ बघतो तशी बघतात.

"ढवळू नकोस," म्हणत त्यांनी माझा चमचा अडवला.

शर्टाच्या वरच्या खिशातून एक डबी निघाली. कोणे एके काळी तिच्यात तपकीर असावी. आता आत एक पांढरा पुंजका होता, इतका हलका की झाकण उघडताच पंख्याच्या वाऱ्याबरोबर निघायच्या बेतात होता. तात्यांनी तो चिमटीत पकडला आणि माझ्या वाटीतल्या कटावर अलगद टेकवला. तर्री हलली. टिपकागदात शाई चढावी तशी काठाकाठाने पुंजक्यात चढत गेली. पाच-सात सेकंदांत पुंजका लालभडक, आणि खाली उरला तो रस्सा फिका, निरागस, आजाऱ्याला पाजावा असा.

"पाण्याचा थेंब घेतला नाही बघ ह्याने," तात्या अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले. "एक थेंब!"

"तात्या, माझी तर्री…"

"आहे की. ह्याच्यात आहे. पिळून देऊ?"

उरणात त्यांना तवंगतात्या म्हणतात. तोंडावरसुद्धा म्हणतात, आणि त्यांना ते पदवीसारखं वाटतं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत आणि पुढे ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मीही त्यांच्या हाताखालून गेलेला. निवृत्तीनंतर माणसं तुळशी लावतात, हरिपाठाला बसतात, निदान सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतात. तात्यांनी पाण्यावर तरंगणारं तेल काढायला घेतलं. जगाचा प्रश्न पडवीत सोडवायचा आणि त्याला लागणारं सामान स्वयंपाकघरातून न्यायचं, अशी माणसं गावोगावी असतात. कुणाला पाण्यावर स्कूटर चालवायची असते, कुणाला नारळाच्या करवंटीतून वीज काढायची असते. त्यांच्या बायका एकमेकींना न सांगता ओळखतात.

सुरुवात झाली ७ ऑगस्ट २०१० रोजी. शनिवार होता. न्हावाशेव्याहून निघालेली 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदरात शिरणारी 'खलिजिया ३' ह्या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडली, तिच्यावरचे कंटेनर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे समुद्रात घसरले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं. ते घारापुरीला लागलं, उरणला लागलं, खाडीतल्या तिवरांच्या मुळांना लागलं. पावसाळ्याची बंदी संपून होड्या पाण्यात जायची वेळ, आणि टीव्हीवर मासे खाऊ नका म्हणून सांगत होते. कोळीवाड्यात सुतक पडल्यासारखं झालं.

तात्यांनी त्या दिवशी घरात येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माईंच्या, डोक्याखालची उशी काढून घेतली. माई झोपल्या होत्या. ही तपशिलाची गोष्ट नाही, पण माई ती अजून सांगतात.

उशी सावरीच्या कापसाची, माहेरून आलेली. सावरीचा कापूस सुताच्या कामाचा नाही, बोटात धरला तरी सटकतो. त्याचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो, कागदाची नळी असावी तसा, आणि त्याच्या अंगाला जन्मतःच मेणाचा पातळ हात असतो. पाणी त्याला शिवत नाही. पूर्वी बोटींवरच्या जीवरक्षक जाकिटांत हाच कापूस भरायचे ते त्यामुळेच. तेलाचं मात्र ह्या मेणाशी जुनं नातं. ते तंतूंच्या मधल्या फटींत शिरतं आणि तिथेच राहतं. एक ग्रॅम पांढरी सावर तीस-चाळीस ग्रॅम तेल सहज पिते. साध्या कापसाची उशी असती तर तिने आधी पोटभर पाणी प्यायलं असतं आणि तेलाला म्हणाली असती, आता जागा नाही.

हे सगळं तात्यांना पाठ होतं. पिशवीत उशी घालून ते किनाऱ्यावर गेले. मी बरोबर होतो, कारण मी नाही म्हणेपर्यंत ते माझी छत्री घेऊन निघाले होते.

किनाऱ्यावर जे दिसलं ते पुस्तकातलं तेल नव्हतं. इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग वगैरे काही नाही. जहाजाच्या इंजिनात जाळायचं जाडं, काळं तेल, पाण्याशी घुसळून काकवीसारखं झालेलं, त्यात वाळू, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, एक चप्पल. तात्यांनी उशीचा अभ्रा उसवला, पांढराशुभ्र पुंजका काढला आणि त्या काळ्यावर ठेवला. पुंजका तसाच बसून राहिला. जाडं तेल बारीक फटींत शिरायला वेळ लावतं, हे तात्या मला समजावत होते तोवर लाट आली आणि अर्धी उशी घेऊन गेली. उरलेली अर्धी दहा मिनिटांत डांबराच्या विटेसारखी झाली.

बाजूला एक कोळीण घमेल्यात हातानेच ते काळं भरत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, ती उशी आता नेनार कुठं?"

तात्यांकडे उत्तर नव्हतं. आजवर त्यांच्यावर कोर्टात उलटतपासणीची पाळी आली नव्हती. ती त्या दिवशी आली. तेल पाण्यातून काढलं, ते उशीत आलं. उशीतून कुठे? जाळावी तर धूर, पुरावी तर जमिनीत तेल, ठेवावी तर माई घरात घेत नाहीत. त्या एका प्रश्नावर तात्यांची पुढची पंधरा वर्षं गेली. परिषदा भरवणाऱ्यांनी ह्या बाईला पहिल्या रांगेत बसवावं असं माझं मत आहे.

*

घरी मात्र प्रयोग सुरळीत चालले, कारण घरी लाटा नव्हत्या. एक स्टीलची परात, तिच्यात पाणी, पाण्यावर रिक्षावाल्याकडून आणलेलं जळकं ऑइल. सराफाकडून जुना तराजू विकत घेतला. दोनशे पानी वही घातली. नमुना कोरडा तोलायचा, तेलात बुडवायचा, मिनिटभर निथळू द्यायचा, परत तोलायचा, वहीत लिहायचं. नमुना क्रमांक १, माईंची उशी. नमुना २, नारळाचा काथ्या. ३, भाताचा तूस. ४, रुईची म्हातारी. ही म्हातारी म्हणजे रुईच्या बोंडातून उडणारी रेशमी शेंडी. तीही सावरीसारखीच पोकळ आणि मेणचट. आळीतल्या पोरांना तात्यांनी शंभर म्हाताऱ्यांना एक चॉकलेट असा भाव लावला. पोरं म्हाताऱ्या आणायची आणि येताना ओरडायची, "तात्या, चाळीस म्हाताऱ्या आणल्यात!" पलीकडच्या वाड्यातल्या तीन खऱ्या म्हाताऱ्यांनी ह्यावर आक्षेप घेतला होता.

तात्यांचं शिकवणं निवृत्तीनंतर खुललं, हे मान्य करायला हवं. वर्गात ते फळ्याकडे तोंड करून बोलायचे. पडवीत माझ्याकडे बघून बोलतात.

"पाणी म्हणजे एकत्र कुटुंब," ते सांगतात. "रेणू रेणूला सोडायला तयार नाही. म्हणून ते गोळा होऊन बसतं, थेंब धरतं. तेल म्हणजे विमा एजंट. कुणाच्याही घरात शिरून मांडी घालून बसतं. पाण्याचा पृष्ठताण बहात्तर, तेलाचा तीसच्या आसपास. आपल्याला असा दारवान पाहिजे, जो तीसवाल्याला आत सोडतो आणि बहात्तरवाल्याला उंबऱ्यावरून परत पाठवतो. झालं! सगळं शास्त्र एवढंच आहे. बाकी सगळा दारवानाचा पगार."

दारवान दोन गोष्टींनी बनतो. एक तर मेणासारखा पदार्थ, ज्याला पाण्याचं वावडं आहे. दुसरं म्हणजे खडबडीतपणा, पण डोळ्यांना न दिसणारा. हे दोन्ही एकत्र कुठे असतं? अळवाच्या पानावर. त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात, उंचवट्यांवर मेणाचे कण, आणि मधल्या खळग्यांत हवा. थेंब टेकतो तो जेमतेम शेंड्यांवर, बाकी सगळा हवेवर बसलेला असतो. म्हणून तो चेंडूसारखा गोल राहतो आणि पान जरा कललं की धूळ गोळा करत घरंगळतो. बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्टोफ नाइनहुइस ह्यांनी कमळाच्या पानावर हे नीट मांडून १९९७ मध्ये छापलं, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा कमळाच्या नावाने पाणी न धरणारे पृष्ठभाग करत सुटल्या आहेत. तात्यांना ह्याचा थोडा राग आहे. "आपल्याकडे 'अळवावरचं पाणी' कधीपासून म्हणतात! आपण म्हण केली, त्यांनी पेपर केला."

थेंब पानाला जिथे टेकतो तिथला कोन मोजतात. नव्वद अंशांच्या वर गेला की पानाला पाणी नकोसं आहे असं समजायचं, दीडशेच्या वर गेला की पान पाण्याचं तोंडही बघत नाही. एका श्रावणात मी गेलो तर तात्या नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन अळवाच्या पानाशी डोळा लावून पालथे पडले होते. मागे माई. हातात पीठ, चिंच, गूळ, तिखट कालवलेलं पातेलं.

"अहो, द्या आता ते पान. वड्या करायच्यात."

"थांब. एकशे अठ्ठावन्न की एकशे साठ, तेवढं ठरू दे."

"भूक किती अंश लागलीय ते मोजा आधी."

तात्या उठले ते एकदम उजळलेल्या चेहऱ्याने. "माई, तू पीठ पानाच्या पाठीला का लावतेस? पोटाला का नाही?"

"माझी सासू लावायची म्हणून."

हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. ह्यात शास्त्र किती आणि सासू किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणींवरून त्या घरात कायम वाद. माई म्हणतात, ह्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तात्या म्हणतात, ही म्हण अशास्त्रीय आहे. घडा मातीचा, माती पाणी शोषते, पालथा घातला तरी बाहेरून भिजतोच. म्हणायचं तर 'अळवाच्या पानावर पाणी' म्हण. माई म्हणतात, बघा, हेच म्हणत होते मी.

पण त्यांच्या कानात सगळंच शिरत नाही असंही नाही. गॅसचं बिल, डॉक्टरची तारीख, मुलाने सांगितलेला पासवर्ड, हे सगळं गोल थेंब होऊन घरंगळतं. 'तेल' हा शब्द मात्र तीन घरं पलीकडे कुणी उच्चारला तरी इकडे मुरतो.

*

२०१३ साली वाईट दिवस आले. चीनच्या झेजियांग विद्यापीठात ग्राफीनचा एक एरोजेल झाला. एका घनसेंटिमीटरचं वजन ०.१६ मिलिग्रॅम. फुलाच्या तुऱ्यावर ठेवला तरी तुरा वाकत नाही असा फोटो तात्यांनी मोबाइलवर आठ दिवस दाखवला. हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या नऊशे पटींपर्यंत तेल पितो, असं सांगितलं गेलं होतं.

"नऊशे!" तात्या म्हणाले. "आणि मी सावरीच्या छत्तिसावर खूश होतो."

त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. (उशी नव्हती हेही एक कारण.) मी म्हणालो, तात्या, पटीत बोलायचं तर ज्याचं वजनच नाही त्याची पट मोठी येणारच. गल्लीतल्या पोराने शंभर रुपयांचा गल्ला दुप्पट केला म्हणून तो उद्योगपती होत नाही. एक घमेलं तेल काढायला त्या एरोजेलचा केवढा ढीग लागेल, तो कोण बनवणार आणि कितीला? हे मी सहज बोललो होतो. तात्यांनी त्यातला सगळा दिलासा घेतला आणि टोमणा सोडून दिला. दारवान म्हणतात तो हा.

मग काजळीचं पर्व. बाजारात मिळणारा स्पंज मुळात पाण्याचा भुकेला, पण त्याच्या भोकाभोकांत काजळी बसवली की त्याची बुद्धी फिरते. काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, एकमेकांना चिकटून माळा झालेले; अळवाच्या उंचवट्यांचं काम त्याच करतात. तात्यांनी कापूर जाळून ताटाच्या पाठीवर काजळी धरली, ती स्पिरिटमध्ये ढवळली, आंघोळीचा स्पंज त्यात बुडवून सुकवला. हे दहा-बारा वेळा. देवघरातला कापूर संपला. आरतीला माईंनी नुसतीच घंटा वाजवली.

तो नमुना क्रमांक ४१. मी तो स्वतः पाहिला आहे, आणि मी तसा सहज भारावणारा माणूस नाही. काळा कुळकुळीत स्पंज पाण्यावर टाकला तर सुक्या पानासारखा तरंगला. बोटाने दाबून पाण्याखाली नेला तर काळा राहिलाच नाही, रुपेरी झाला. त्याच्या अंगावर हवेचा पापुद्रा धरला होता, त्यावर उजेड पडून तो पाऱ्याच्या गोळीसारखा चमकत होता. बोट काढलं, टुणकन वर आला, आणि हात लावला तर कोरडा. मग परातीत ऑइलचा चमचा ओतला. ४१ ने तो परातभर फिरून टिपला, शहाण्या पोराने ताट पुसून खावं तसा. खालचं पाणी स्वच्छ. पिळला, ऑइल वाटीत. परत टाकला, परत टिपला. वीस वेळा.

"आता तिला सांग," तात्यांचा आवाज चिरकला. "उशी कुठं नेनार म्हणाली होती ना. कुठंही नाही! पिळायची आणि परत वापरायची!"

मला कळायला वेळ लागला की हे सहा वर्षांपूर्वीच्या त्या घमेलेवालीला उत्तर होतं.

पिळण्याचं शास्त्र मग एकदम महत्त्वाचं झालं. हाताने पिळलं तर निम्मं तेल आतच राहतं. दाब सगळीकडून सारखा हवा. घरात असं यंत्र एकच होतं आणि ते पितळेचं होतं. त्या वर्षी दिवाळीला माईंनी घरोघर फराळ पाठवला. लाडू उत्तम. करंज्या नेहमीसारख्या. चकली तोंडात घातली आणि मला उरण-पनवेल रस्त्यावर रिक्षामागे उभा असल्यासारखं वाटलं. सोऱ्या त्यांनी धुऊन ठेवला होता म्हणे. तात्यांनी धुऊन ठेवला होता.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ४१ गेला. म्हणजे होता तिथेच, पण मेला. सकाळी तात्यांनी परातीत टाकला तर पोटभर पाणी पिऊन दगडासारखा तळाला बसला. तात्यांनी सुकवून पुन्हा टाकला. पुन्हा तळाला. वहीतली ती नोंद मी पाहिली आहे, लाल शाईत: 'नमुना ४१. अचानक बिघाड. कारण अज्ञात.' पुढचं अख्खं पान कोरं सोडलेलं. तात्यांनी कुणासाठी एवढी जागा सोडल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यानंतर त्यांनी ४२ ते ५८ बनवले, पण ४१ ची सर कशालाच आली नाही. घरात लहान मुलांसमोर त्याचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम झाला.

२८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजं आपटली. किनाऱ्यावर काळा लगदा लागला. टीव्हीवर दिसत होतं, शेकडो माणसं खडकांवर रांगेने उभी राहून बादल्यांनी तो लगदा काढतायत. साध्या प्लास्टिकच्या बादल्या, निळ्या, लाल. तात्या खुर्चीतून उठले आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"बादली," ते म्हणाले. बराच वेळ तेवढंच म्हणाले.

मला वाटलं ते चिडतील. ते हिशोबाला बसले. 'चित्रा'चं ८०० टन तेल, सावर चाळीस पट घेते असं उदार मनाने धरलं तर वीस टन सावर लागेल. एका उशीत दीड किलो. म्हणजे तेरा हजार तीनशे तेहतीस उशा. "उरण तालुका अधिक पनवेल," ते पुटपुटले, "जमेल." मग त्यांनी वही मिटली, कारण हिशोब परातीतला होता आणि समुद्र परातीत नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. सांडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो. उरलेलं लाटांत घुसळून पाणी पोटात घेतं, फुगतं, घट्ट होतं, आणि मग कुठल्याच बारीक भोकात शिरत नाही. आणखी दिवस गेले की त्याचे गोळे होतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी चालणाऱ्याच्या तळव्याला चिकटतात ते डांबरगोळे. त्यांना टिपायला स्पंज नको, खराटा हवा. म्हणून जे करायचं ते पहिल्या काही तासांत, आणि पहिल्या काही तासांत काय होतं, तर पत्रकार परिषद. हे शेवटचं वाक्य माझं, तात्या असं बोलत नाहीत.

*

केसांची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे आळीत देवऋषी यायची वेळ आली होती.

१९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा फिल मॅक्रॉरी नावाचा अलाबामातला एक केशकर्तनकार टीव्हीवर तेलाने माखलेलं पाणमांजर बघत होता. त्याला वाटलं, ह्या जनावराच्या केसांना एवढं तेल धरतं तर माझ्या दुकानातल्या केसांनाही धरेल. त्याने बायकोच्या नायलॉनच्या मोज्यांत केस भरले, पोराच्या खेळायच्या पाण्याच्या टबात इंजिन ऑइल ओतलं आणि मोजे त्यात टाकले. तेल केसांनी उचललं. पुढे त्याने त्याचं पेटंटही घेतलं. ही गोष्ट तात्या सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात. एकदा माईंनी मध्येच विचारलं, "त्या बाईने मोज्यांचं पुढे काय केलं?" कथेत ते नव्हतं.

२०२० च्या जुलैत मॉरिशसच्या प्रवाळांवर 'वाकाशियो' नावाचं जहाज चढलं, ऑगस्टमध्ये फुटलं, आणि सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. तिथली माणसं सरकारची वाट बघत बसली नाहीत. त्यांनी कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं, डोक्यावरचे केस कापून दिले, आणि ते अजगर समुद्रात सोडले. कोकणातून, साताऱ्याकडून एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत, अजून मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. "आपली माणसं!" तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गालावरून नीट ओघळलं, त्वचा अजून पाण्याशी फटकून नव्हती. "पाचट! बघितलंस? पाचट!"

इकडे टाळेबंदीनंतर सलून नुकती उघडली होती आणि गावाच्या डोक्यावरचं तीन महिन्यांचं पीक एकदम उतरत होतं. तात्यांनी सात पोती भरली. मॉरिशसला पाठवायला वाहन नव्हतं, म्हणून पोती मागच्या पडवीत ठेवली. पावसात त्यातलं एक फुटलं. सकाळी आळीभर केसांचे झुबके, काळे, पांढरे, मेंदी लावलेले. नऊ वाजेपर्यंत तात्यांच्या दारात कुणीतरी लिंबू-मिरच्या टांगल्या होत्या, दहा वाजता कुणाची करणी ह्यावर चार नावं निघाली होती, आणि अकरा वाजता तात्या बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "लिंबू नको. आम्लाने केसाचा वरचा थर मिटतो."

*

गेल्या वर्षी तालुक्यातल्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनात त्यांना बोलावलं. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. परात, ऑइलची बाटली आणि नमुना क्रमांक ५८, जो ४१ नव्हता पण बरा होता.

प्रयोग झाला. काळा स्पंज पाण्याखाली रुपेरी झाला तेव्हा सातवीचा अख्खा वर्ग पुढे सरकला. ऑइल टिपलं, टाळ्या पडल्या. एकत्र कुटुंब आणि विमा एजंट सांगून झालं. एक मुलगी हात वर करून उभी होती. दोन वेण्या, एका वेणीची रिबन सुटलेली.

"सर, पाण्यात साबण असला तर?"

तात्या हसले. मग हसू तिथेच राहिलं आणि बाकीचा चेहरा निघून गेला.

शिपायाने कपड्यांची पावडर आणली. चिमूटभर परातीत घातली, ढवळली. ५८ वर टाकला. क्षणभर तरंगला. मग त्याच्या अंगावरून एक बुडबुडा निघाला, मग दुसरा, मग बुडबुड्यांची रांग लागली आणि तो हळूहळू, बसस्टॉपवर बसावं तसा, खाली जाऊन बसला. मुलं गप्प. साबण पाण्याचा पृष्ठताण पाडतो, बहात्तरचा तीस-पस्तीसवर आणतो. एकत्र कुटुंबात भांडण लावून देतो, आणि फुटलेलं घर कुणाच्याही दारातून आत शिरतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे आणि दुसरं तेलाकडे, हे तात्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. शेपटीवाला बेडूकमासा काढायचे, आम्ही वहीत त्याला डोळे काढायचो.

"बरोबर," तात्या त्या मुलीला म्हणाले, नमस्कार करावा तसे वाकून. "२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात विहीर फुटली तेव्हा तेल फोडायला जवळजवळ सत्तर लाख लिटर असलंच साबणासारखं द्रव्य समुद्रात ओतलं होतं. तिथे माझा स्पंज घेऊन गेलो असतो तर…" ते थांबले. ते आखातातून कधीच परत आले होते. ते आपल्या पडवीत पोचले होते.

परतीच्या रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत. घरी चपला न काढता आत गेले, कपाटातून जुनी वही काढली, लाल शाईचं पान उघडलं. माई परसात होत्या.

"माई, २०१६ ची दिवाळी. सोऱ्याचं झालं त्यानंतर. माझा काळा स्पंज होता मोरीच्या कट्ट्यावर."

"होता. मेला कळकट. जिथे ठेवाल तिथे डाग."

"त्याचं काय केलंस?"

"काय करणार? पावडरीत भिजत घातला रात्रभर. चांगला खसाखसा धुतला, वाळत टाकला, परत होता तिथे ठेवला. तुमची वस्तू मी फेकत नाही कधी." मग जरा थांबून, "काळा रंग काही पूर्ण गेला नाही त्याचा."

तात्या बराच वेळ उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, 'कारण अज्ञात' मधलं 'अज्ञात' खोडलं, आणि त्याच्यापुढे, वर्गातल्या फळ्यावर लिहायचे तसल्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'सौ.'